किनाऱ्यावरून दिसलेलं जहाज



आज सकाळी आपण पॅरामॅटाच्या या सभागृहात इथल्या मूळ रहिवासी दारुग लोकांचं, त्यांच्या ज्येष्ठांचं स्मरण केलं. अर्ध्या मिनिटात ते उरकलं आणि सगळ्यांनी कार्यक्रमपत्रिका उघडल्या. शाळेत या लोकांविषयी शिकवल्या जाणाऱ्या घटकांचंही बऱ्याचदा असंच होतं.

अ‍ॅबोरिजिनल आणि टोरेस स्ट्रेट बेटवासी लोकांचा इतिहास व संस्कृती सगळ्या विषयांत गुंफा, असं ऑस्ट्रेलियाचा राष्ट्रीय अभ्यासक्रम स्पष्ट सांगतो. तेव्हा शिकवायचं की नाही हा वाद संपलेला आहे. राहिला प्रश्न कसं शिकवायचं याचा, आणि तिथे आपण फार लवकर समाधान मानतो. जुलैत मूळ रहिवाशांच्या संस्कृतीचा नायडॉक सप्ताह आला की कागदावर कासव छापायचं, इअरबड रंगात बुडवायचे, मुलांकडून ठिपके काढून घ्यायचे आणि ते व्हरांड्यात टांगायचे. झाला घटक!

हे ठिपके आले कुठून? १९७१ साली जेफ्री बार्डन नावाचा शिक्षक मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात पापुन्याला गेला. तिथल्या जाणत्या पुरुषांनी शाळेच्या भिंतीवर मधमुंगीच्या कथेचं चित्र काढलं, मग फळ्यांवर, पुढे कॅनव्हासवर, आणि त्यातून जगभर गाजलेली चित्रशैली उभी राहिली. पण काही आकृत्या विधींमधल्या होत्या. त्या सर्वांनी पाहायच्या नसतात, यावरून त्यांच्याच लोकांत वाद झाले आणि चित्रकारांनी तसा भाग चित्रांतून काढला किंवा झाकला. शाळेच्या भिंतीवरचं ते चित्रही नंतर रंग फासून पुसलं गेलं. आता सांगा, इतकं सगळं बाजूला ठेवून, दोन हजारांहून जास्त किलोमीटर दूर सिडनीत, पहिलीच्या पोरांना आपण कुणाच्या परवानगीनं ठिपके द्यायला लावतो? आपल्या उत्तरेला कु-रिंग-गाईच्या वालुकाश्मावर मासे, कांगारू कोरलेले आहेत. ते इथलं. सहल मात्र तिकडे क्वचितच जाते.

माझं म्हणणं एवढंच आहे: अ‍ॅबोरिजिनल दृष्टिकोन म्हणजे अ‍ॅबोरिजिनल लोकांवरचा जादा धडा नव्हे. नेहमीचाच धडा, पण उभं राहायची जागा वेगळी.

चौथीतला ‘पहिला संपर्क’ घ्या. २९ एप्रिल १७७० रोजी जेम्स कुक बॉटनी बेच्या किनाऱ्याला लागला. त्या उपसागराचं नाव कामाय. ग्वीगल लोकांतले दोन पुरुष भाले घेऊन आडवे आले आणि कुकच्या बाजूनं बंदूक झाडली गेली. आपल्या वर्गात मुलं जहाजाचा नकाशा काढतात, खलाशी काय खात ते लिहितात. किनाऱ्यावरचे ते दोघे चित्राच्या कोपऱ्यात राहतात. यावर हौशी शिक्षकांनी शोधलेला उपाय म्हणजे ‘तू अ‍ॅबोरिजिनल मूल आहेस अशी कल्पना करून रोजनिशी लिही’. तो मला त्याहून धोक्याचा वाटतो. मुलं आपल्याच मनातलं दुसऱ्याच्या तोंडी घालतात आणि त्याला आपण सहानुभूतीचे गुण देतो.

कल्पना कशाला? नोंदी आहेत. १७९०-९१च्या सुमारास विल्यम डॉज या मरीन दलातल्या अधिकाऱ्याला पाट्येगारांग नावाची तरुणी सिडनीची भाषा शिकवत होती. त्याच्या वह्या टिकून आहेत. आमची माणसं चिडली आहेत, कारण गोरे इथे ठाण मांडून बसले, आणि आम्हाला बंदुकांची भीती वाटते, अशा अर्थाचं तिनं त्याला सांगितल्याची नोंद त्यात सापडते. नऊ वर्षांच्या मुलाला हे बरोबर कळतं. शिकवणारी ती आणि वही घेऊन बसलेला तो गोरा अधिकारी, हे चित्रही वर्गाला बघू द्या.

विज्ञानाचं थोडक्यात सांगतो. महाराष्ट्रात मृग लागला की शेतकरी आभाळाकडे बघतो. कामिलरोय लोक आकाशगंगेतल्या काळ्या पट्ट्यांत एमू बघतात. त्याचं डोकं सदर्न क्रॉसच्या शेजारी. एप्रिल-मेमध्ये तो धावताना दिसतो, तोच जमिनीवरच्या एमूंचा विणीचा काळ. खगोलाच्या तासाला हे सांगा, पण ‘कामिलरोय’ हे नाव घेऊन सांगा. ‘अ‍ॅबोरिजिनल लोक मानतात’ असं मोघम नको. या खंडावर अडीचशेहून अधिक भाषा होत्या.

आपल्यासारखे स्थलांतरित पालक मला म्हणतात, ‘सर, आपण तर परवा आलो, यात आपला काय संबंध?’ कुकच्या जहाजातून आपण उतरलो नाही, मान्य. पण घराचे हप्ते आपण याच जमिनीवर भरतो आहोत, आणि आपली मुलं याच वर्गांत बसली आहेत.

दुपारच्या सत्रात घटक नियोजनाचे आराखडे मांडले जातील. न्यू साउथ वेल्समध्ये अ‍ॅबोरिजिनल शिक्षण सल्लागार गट आहे, त्याच्या स्थानिक शाखा आहेत. आराखडा पूर्ण करून ‘तपासून द्या’ म्हणत त्यांच्याकडे जाऊ नका, कोऱ्या कागदासह जा. खर्चाच्या रकान्यात सहलीच्या बसचं भाडं न विसरता लिहिता, तसं वर्गात येणाऱ्या ज्येष्ठ मावशी-काकांचं मानधनही लिहा. ज्या गटांनी ते लिहिलेलं नाही, त्यांनी जेवणाच्या सुट्टीत भर घालावी. अडीचला सुरुवात चौथीच्या गटापासून करू.