मोटार चालू कुणी ठेवली?



शिरूर-दौंडकडे, घोड आणि भीमेच्या काठाला, मोटार ‘ऑटो’वर टाकून झोपणं काही नवीन नाही. रात्रपाळीची वीज आली की मोटार आपोआप सुरू होते. डिप्लोमा-इंजिनिअरिंगची मुलं हाच ऑटो रास्पबेरी पायसारख्या छोट्या संगणकावर घरी बनवू शकतात. संगणकाच्या पिनला रिले, रिलेला स्टार्टर. आज त्यांच्याशीच बोलायचं आहे.

या संगणकावर लिनक्स चालतं आणि ती पिन लिनक्सच्या कर्नेलच्या, म्हणजे गाभ्याच्या, ताब्यात असते. आपल्या प्रोग्रॅमनं कर्नेलला सांगायचं आणि कर्नेलनं पिन हलवायची. पण सांगायचं कुठल्या वाटेनं?

2008 मध्ये एक सोपी वाट आली, सिसएफएसची. प्रत्येक पिनची एक फाइल. तिच्यात 1 लिहिलं की पिन चालू, 0 लिहिलं की बंद. शेल स्क्रिप्टच्या एका ओळीत काम होतं, म्हणून शिकवण्यांमधून हीच वाट पसरली. मलाही ती आवडते.

अडचण रात्री येते. 1 लिहून प्रोग्रॅम कोसळला, तर ती पिन कुणी मागितली होती याची कर्नेलकडे नोंदच नसते. पिन तशीच चालू, मोटार तशीच चालू, आणि विहिरीत पाणी नाही. दुसरी गोष्ट ठिबकच्या पाणी-मीटरची. त्याचे ठोके भराभर आले आणि प्रोग्रॅम दुसऱ्या कामात असला, तर मधले ठोके हुकतात. फाइलमध्ये फक्त आत्ताची स्थिती दिसते.

2016 मध्ये, लिनक्स 4.8 सोबत, दुसरी वाट आली. इथे प्रोग्रॅम पिनांच्या चिपची फाइल उघडतो आणि आयओसीटीएल या कॉलनं हव्या त्या पिना मागून घेतो. जुन्या जाणत्यांचं या कॉलविषयी फारसं चांगलं मत नाही. आतून काय जातंय ते बाहेरून कळत नाही. इथे मात्र मी त्याच्याच बाजूचा आहे. प्रोग्रॅम मेला की त्याच्या उघड्या फाइली कर्नेल स्वतः बंद करतो आणि पिन मोकळी होते. ठोकेही वेळेच्या नोंदीसह रांगेत थांबतात. रांग भरेपर्यंत तरी. मोकळी झालेली पिन बंदच होईल, अशी हमी मात्र नाही. म्हणून प्रोग्रॅम मेल्यावर रिले सुटून मोटार थांबेल, अशी सोय तारांमध्येच करा.

मग जुनी वाट बुजवली का नाही? 2020 नंतर काढायची असं कागदोपत्री ठरलं होतं. ते साल उलटून गेलं तरी ती काढली गेली नाही. चालत असलेले प्रोग्रॅम कर्नेलच्या बदलानं मोडता कामा नयेत, यावर लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स हटून बसतात. नव्या वाटेचीही 2020 मध्येच दुसरी आवृत्ती काढावी लागली. 64 बिटी कर्नेलवर 32 बिटी प्रोग्रॅम चालवताना पहिलीतल्या माहितीची मापं काही ठिकाणी जुळत नव्हती. ती पहिलीही काढली नाही, सांभाळून ठेवली.

तेव्हा नवा ऑटो नव्या वाटेनंच बांधा, लिबजीपीआयओडी ही लायब्ररी वापरून. फक्त या लायब्ररीची आवृत्ती आधी बघा. तिच्यासोबत येणारी जीपीआयओसेट ही आज्ञा पहिल्या आवृत्तीत पिन लावून लगेच बाहेर पडते. दुसरीत ती आपण थांबवेपर्यंत पिन धरून बसते.