किमान नव्हे, पूर्ण बिल



नोकरी लागली, की पहिल्या पगाराआधी
क्रेडिट कार्डवाल्यांचा फोन येतो.

कार्ड जरूर घ्या.
पण बिलावरचे दोन आकडे नीट पाहा.

एक, एकूण देय रक्कम.
दुसरा, किमान देय रक्कम.

हा दुसरा आकडा मोठा लाघवी!

समजा, बिल आलं 10 हजारांचं.
किमान रक्कम असेल साधारण 500.
तेवढे भरले, की उशिराचा दंड टळतो.

व्याज मात्र टळत नाही.

बाकीवर महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज लागू शकतं.
ऐकायला किरकोळ वाटतं.
वर्षाचा हिशेब करा.
ते 40 टक्क्यांच्या घरात जातं.

आणखी एक गोष्ट, जी फोनवर कोणी सांगत नाही.
जुनी बाकी असेल,
तर नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही.
म्हणजे आज घेतलेल्या चपलांवरही
आजपासूनच व्याज.

म्हणून पुन्हा सांगते.
किमान नव्हे, पूर्ण बिल भरा.

एवढे पैसे हाताशी नाहीत?
मग कार्ड कपाटात ठेवा.
बाकी कमी व्याजाच्या हप्त्यांत फेडता येईल का,
हे बँकेत विचारा.

बिल चुकतं झालं, की पोस्टात आवर्ती ठेव उघडा.
महिना 100 रुपयांपासून सुरुवात करता येते.
मुदत 5 वर्षांची.
पगार झाला, की त्याच दिवशी हप्ता भरा.

12 हप्ते नियमित भरले,
की अडीनडीला या ठेवीवर कर्ज मिळतं.
आणि त्याचं व्याज कार्डापेक्षा कितीतरी कमी असतं.