शनिवारची रात्र आणि बसावयास जागा



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस बोलावणे धाडले तेव्हा त्यांची अपेक्षा अशी असावी, की आम्ही बोनस, महागाईभत्ता किंवा कंत्राटी कामगार यांपैकी एखाद्या विषयावर बोलू. त्या विषयांवर आम्ही वर्षाचे तीनशे दिवस बोलतच असतो. आज आम्ही बारविषयी बोलणार आहोत, आणि तोही अशा बारविषयी, की जेथे समलिंगी माणसे आठवड्यातून एक रात्र एकत्र बसतात. पुढच्या रांगेतील ज्येष्ठ मंडळींनी इतक्यात चुळबुळ करू नये. आम्ही स्वतः दारू घेत नाही, आणि कोणी ती घ्यावी हे सांगण्याकरिता येथे उभे राहिलेलो नाही.

विषय तसा आमच्या धंद्याचाच आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणीकामगारांच्या सभा भरवून ज्या मागण्या मांडल्या, त्यांत आठवड्याच्या सुटीची मागणी ठळक होती. ती पदरात पडावयास १८९० चा जून महिना उजाडला. आज आपण रविवार हा पंचांगातूनच आला आहे असे समजून तो उपभोगतो. पण सुटी मिळाली म्हणजे ती कोठे घालवावयाची हाही प्रश्न येतो. नागपुरात एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली. तेव्हापासून या शहरातल्या कामगाराने आपली उत्तरे आपणच शोधली. फाटकासमोरची चहाची टपरी, आखाडा, भजनी मंडळ, सावजीचे भोजनालय. तेथे तो बसला, तेथे त्याने शेजारच्या खात्यातल्या माणसाची मजुरी विचारली, आणि दोघांनाही कमी मिळते हे कळले. युनियनची पावतीपुस्तके पुढे छापली गेली. आधी ही बाकडी होती.

आता ज्या माणसाला या बाकड्यावर बसूनही आपल्या मनातले बोलता येत नाही, त्याने कोठे जावे? मॅकॉले आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ज्याचा मसुदा केला तो दंडविधान १८६० साली मंजूर झाला आणि १८६२ पासून अमलात आला. त्यातल्या ३७७ व्या कलमाने अशा माणसांचा संबंध गुन्हा ठरविला. दिल्लीच्या उच्च न्यायालयाने २००९ साली ते कलम प्रौढांच्या राजीखुषीपुरते दूर सारले, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ते पुन्हा उभे केले, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी त्याच न्यायालयाने ते पुन्हा खाली बसविले. म्हणजे दीडशेहून अधिक वर्षे या कलमाची सावली होती. खटले त्याखाली फार चालले नाहीत. त्याचा उपयोग निराळाच होता, तो पुढे सांगतो.

गेल्या शतकाच्या अखेरीची गोष्ट. एका कामगार परिषदेकरिता आम्ही मुंबईस गेलो होतो. आमच्याबरोबर हिंगण्याच्या एका कारखान्यातला एक तरुण फिटर होता. पोरगा हुशार, हिशेबाला पक्का, घोषणा देण्यात मात्र मागे. शनिवारी सायंकाळी परिषद आटोपली तेव्हा तो हळूच म्हणाला, "भाऊ, आज रात्री माह्यासोबत येता काय? एक जागा दाखवाची हाय." आम्ही म्हटले, "चल."

तो आम्हांस कुलाब्याला आर्थर बंदर रस्त्यावर घेऊन गेला. तेथे 'वूडू' नावाचे एक मद्यगृह होते. १९७० च्या दशकात याच जागी 'स्लिप डिस्क' नावाचा क्लब होता आणि तेथे विलायतेतले नामांकित वादक येऊन वाजवून गेले, अशी त्याची ख्याती. आम्ही पाहिले तेव्हा त्या ख्यातीचा मागमूस नव्हता. अंधार, धूर, भिंतीचे उडालेले रंग, पायाखाली चिकट फरशी. ताजमहाल हॉटेल तेथून फार दूर नाही, पण या खोलीला त्याचा वारा लागलेला नव्हता. शनिवारची रात्र तेथे या लोकांची असे. बाहेर तशी पाटी नव्हती. ज्याला ठाऊक त्याला ठाऊक.

आत काय होते, हे जाणण्याची सभागृहास उत्सुकता असणार. निराशा होईल. माणसे होती. कोणी बँकेतला कारकून, कोणी कापडाच्या दुकानातला, कोणी महाविद्यालयातला विद्यार्थी, एक दोन परदेशी प्रवासी. दोघे जण एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे होते, जसे आपल्याकडे कुस्तीच्या दंगलीत कोणीही उभे असतात. हिंदी सिनेमाचे गाणे लागले की सगळे नाचत आणि नायिकेच्या ओळी नायकाच्या ओळींपेक्षा मोठ्याने म्हणत. एक गृहस्थ कोपऱ्यात दोन तास एकाच बाटलीवर बसून होते. ते कोणाशी बोलले नाहीत, कोणी त्यांच्याशी बोलले नाही, आणि त्यांचा चेहरा मात्र लग्नघरातल्या माणसासारखा प्रसन्न होता. आम्हांस एकाने कुठले म्हणून विचारले. नागपूर म्हटल्यावर त्याने संत्र्यांचा भाव विचारला. तो अमरावतीचा निघाला.

आमचा फिटर मात्र ओळखू येत नव्हता. सहा वर्षांत त्याला इतके बोलताना आम्ही पाहिले नव्हते. थोड्या वेळाने तो आमच्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, "भाऊ, इथं मले कोनी इचारत नाई, लग्न केव्हा करतं म्हून." एवढेच त्याला दाखवावयाचे होते. मध्यरात्र होत आली तशी खोली रिकामी होऊ लागली. शेवटची लोकल कोणासाठी थांबत नाही. जिन्याच्या तोंडाशी माणसे केस नीट करीत, सदऱ्याची वरची गुंडी लावीत, आणि रस्त्यावर पाऊल पडताच पुन्हा बँकेतली, दुकानातली होत. ती गुंडी लावण्याची क्रिया आमच्या मनात राहिली आहे. कारखान्याच्या फाटकावर झडती देताना कामगार असेच अंग चोरतो.

ही जागा पुरुषांची होती, हेही सांगितले पाहिजे. अशा स्त्रियांना तेवढाही कोपरा नव्हता. मुंबईत १९९५ साली त्यांनी 'स्त्री संगम' नावाचा गट काढला, तो घराघरांतून जमे. मध्यमवर्गीय स्त्रीला घर तरी आहे. कामकरी स्त्रीच्या एका खोलीत सात माणसे असतात.

अशी जागा भिकार का असते, याचे कारण न्यूयॉर्कच्या इतिहासात सापडते. तेथे १९६० च्या दशकात समलिंगी गिऱ्हाइकाला मद्य दिले तर बारचा परवाना धोक्यात येई. १९६६ साली काही तरुणांनी 'ज्यूलियस' नावाच्या बारमध्ये जाऊन, आम्ही समलिंगी आहो, आम्हांस पेय द्या, अशी उघड मागणी केली. नकार मिळाला आणि वृत्तपत्रांतून बोभाटा झाला. सभ्य धंदेवाला हात आखडता घेतो तेव्हा गुंड पुढे येतो. 'स्टोनवॉल इन' हा बार गुन्हेगारांच्या टोळीच्या हाती होता. दारूत पाणी, आणि पेले विसळावयास मात्र वाहते पाणी नाही. तरी लोक तेथे जात, कारण दुसरीकडे कोठे नाचता येत नसे. २८ जून १९६९ च्या पहाटे पोलिसांनी तेथे छापा घातला आणि गिऱ्हाइके पांगण्याऐवजी उलटली. पुढचे सर्वांस ठाऊक आहे. आम्हांस त्यात कामगाराची एक जुनी गोष्ट दिसते: चाळ गळकी असली तरी तीतून हुसकावू लागले की भाडेकरू भांडतो.

आता आमच्या धंद्याकडे वळतो. सॅनफ्रान्सिस्कोत १९७० च्या दशकात बिअरच्या गाड्या हाकणाऱ्या ड्रायव्हरांचा कंपन्यांशी लढा सुरू होता. त्यांच्या युनियनचे अॅलन बेअर्ड हे गृहस्थ हार्वी मिल्क या कॅमेऱ्याच्या दुकानदाराकडे गेले. मिल्क स्वतः समलिंगी आणि त्या वस्तीत वजन असलेला. बेअर्डने सांगितले, तुमच्या लोकांच्या बारमधून कूर्स कंपनीची बिअर बंद करा. मिल्कने उलट अट घातली: आमच्या मुलांना ड्रायव्हरच्या नोकऱ्या द्या. सौदा ठरला आणि दोन्ही बाजूंनी पाळला गेला. बारमधून ती बिअर गेली, आणि कॅलिफोर्नियात त्या कंपनीला बहिष्काराची झळ लागली. आम्ही आयुष्यात पुष्कळ करार पाहिले. इतका स्वच्छ करार क्वचितच. मिल्क पुढे १९७७ साली नगरमंडळावर निवडून आला आणि १९७८ च्या नोव्हेंबरात त्याचा खून झाला.

दुसरी गोष्ट विलायतेतली. १९८४-८५ मध्ये कोळसा खाणीच्या कामगारांचा संप वर्षभर चालला. लंडनमधल्या समलिंगी तरुणांनी आपल्या बारच्या दारांत बादल्या घेऊन उभे राहून निधी गोळा केला, आणि तो वेल्समधल्या दुलाईस खोऱ्यातल्या संपकऱ्यांकडे पोचविला. रक्कम वीस हजार पौंडांवर गेली. खाणीतले कामगार म्हणजे अशा बाबतींत काही फार मोकळ्या मनाचे नव्हेत. आपल्या उमरेडच्या खाणीतले गडी डोळ्यांसमोर आणावे. पण ज्याच्या पैशाने पोरांच्या पोटात अन्न गेले त्याला विसरणे कामगाराच्या रक्तात नाही. संप हरला. तरीही १९८५ च्या जूनमध्ये लंडनला समलिंगींचा मोर्चा निघाला तेव्हा खाण कामगार आपला बावटा घेऊन त्याच्या अग्रभागी चालले, आणि त्याच वर्षी मजूर पक्षाच्या परिषदेत यांच्या हक्कांचा ठराव आला तेव्हा खाण कामगारांच्या युनियनने आपली सारी मते त्याच्या पारड्यात टाकली.

नागपुरात असा बार नव्हता. बागेतला अंधार होता, स्टेशनाबाहेरचा रस्ता होता. आणि ३७७ व्या कलमाचा खरा उपयोग तेथे होई. आमच्या युनियनच्या एका सभासदाला, वर सांगितलेला फिटर तो नव्हे, पगाराच्या रात्री दोघांनी गाठले. पगाराचे पाकीट, घड्याळ आणि अंगठी घेतली. पुढच्या महिन्यात ते पुन्हा आले, त्याच्या पुढच्याही. नाही म्हणालास तर घरी सांगू, कारखान्यात सांगू. पाचव्या महिन्यात त्याने आम्हांस सांगितले. आम्ही त्याला घेऊन चौकीवर गेलो. अंमलदाराने शांतपणे विचारले, की आधी यांची तक्रार लिहू, की यांच्यावरची लिहू? तक्रार लिहिली गेली नाही. कार्यकारिणीत वाद झाला. एक जुने सहकारी म्हणाले, हा युनियनचा विषय नव्हे. आम्ही म्हटले, पाच महिन्यांचा पगार लुटला गेला तो कोणाचा? मतदान झाले, आमची बाजू दोन मतांनी टिकली आणि आम्ही चार माणसे पाळीने त्याला घरी पोचवू लागलो. ते दोघे पुन्हा दिसले नाहीत. पण त्याच्या मनाने हाय खाल्ली होती. दिवाळीनंतर तो सुरतेस निघून गेला, आणि चांगला टर्नर आम्ही गमावला.

आता कलम गेले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्यायसंहितेत ते मुळीच नाही. नागपुरात २०१६ साली या लोकांचा पहिला मोर्चा निघाला, आणि 'सारथी ट्रस्ट' ही संस्था येथे काम करते. आमचे दोन सभासद मित्रांसह शनिवारी एका सावजीच्या भोजनालयात बसतात. मालकाला सारे ठाऊक आहे. त्याची तक्रार एकच, की ही मंडळी रस्सा दोनदा मागतात आणि मटण एकदाच.

परंतु सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी विवाहाचा हक्क देण्यास नकार दिला, आणि तेथे आमचे कागद अडतात. भविष्यनिर्वाह निधीच्या १९५२ च्या योजनेत पुरुष सभासदाचे कुटुंब म्हणजे मुख्यतः पत्नी, मुले आणि अवलंबून असलेले आईबाप. म्हातारी आई हयात असली तर बारा वर्षे सोबत राहिलेल्या जोडीदाराचे नाव तेथे चालत नाही. बँकेत मात्र चालते. अशा जोडीदारांना संयुक्त खाते उघडता येते आणि एकमेकांस वारसदार म्हणून नेमता येते, असा खुलासा केंद्राच्या अर्थखात्याने २८ ऑगस्ट २०२४ रोजी केला आहे. पुष्कळ बँकांच्या शाखांना तो माहीत नसतो, म्हणून त्याची प्रत आम्ही कचेरीत ठेवली आहे. ज्यांना तो फॉर्म भरावयाचा असेल, किंवा साध्या कागदावर मृत्युपत्र करून दोन साक्षीदार हवे असतील, त्यांनी रविवारी सकाळी दहा ते एक या वेळात यावे. साक्षीदार आम्ही देऊ. नाव पुकारले जात नाही, आणि बसावयास बाकडे आहे.