जिना, बीपी आणि आपलं हृदय
(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या आवारात केलेले भाषण)



२५ वर्षांपूर्वी इथे राहायला आलो तेव्हा चौथा मजला मी एका दमात चढत असे. गेल्या पावसाळ्यात लिफ्ट आठ दिवस बंद होती, तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच कठडा धरून थांबावं लागलं. ‘वय झालं, दुसरं काय!’ म्हणून मी विषय सोडून दिला. सौ. म्हणाली, “लोकांचं बीपी जन्मभर मोजलंत, एकदा स्वतःचं मोजा.” मोजलं. १६० वर १०० निघालं! ना डोकं दुखलं होतं, ना चक्कर आली होती.

आत काय चाललं होतं, ते साध्या शब्दांत सांगतो. बसल्या जागी हृदय मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त पुढे ढकलतं. जिना चढताना ते कितीतरी जास्त लागतं, म्हणून ठोके वाढतात. पण वयाबरोबर ठोके पूर्वीइतके वाढत नाहीत. २२० वजा वय, हा त्याचा ढोबळ हिशेब. तिशीत १९०, तर सत्तरीत १५०. शिवाय रक्तवाहिन्या ताठ होतात. त्यात बीपीची भर पडली की हृदयाला वर्षानुवर्षं जादा जोर लावावा लागतो. त्याची भिंत जाड होते, पण ही काही तालमीतली ताकद नव्हे; भिंत कडक होते. दोन ठोक्यांच्या मधे हृदय पुरतं सैल पडत नाही, रक्त नीट भरत नाही. भार मागे फुप्फुसांवर येतो आणि धाप लागते. बसल्या जागी यातलं काहीच जाणवत नाही. जिना मात्र खरं सांगतो.

मग व्यायाम सोडायचा का? मुळीच नाही. नियमित चालण्याने बीपी उतरायला मदतच होते. पहिली ५-१० मिनिटं सावकाश चाला, शेवटीही एकदम थांबू नका. चालताना बोलता आलं पाहिजे, इतकाच वेग ठेवा. ठोके कमी करणारी गोळी चालू असेल, तर मघाचा हिशेब लागू पडत नाही. छातीत दाब वाटला, चक्कर आली, तर तिथेच थांबा आणि ताबडतोब डॉक्टरांना गाठा. आणि बीपी उतरलं म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

मी आता गोळी घेतो, रोज आवारात फेऱ्या मारतो. लिफ्ट चालू असली तरी दिवसातून एकदा जिन्याने चढतो. मधे एकदा थांबतो, त्यात लाज कसली!

इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट आपण करून घेतो. राहणाऱ्यांचंही व्हायला हवं. घरी जाण्यापूर्वी तिथल्या टेबलावर बीपी मोजून घ्या, एवढीच विनंती.