बीज, भूमी आणि अब्जांशकण



कर्करोगावरील औषधांचा इतिहास चाळला, तर 'सुक्याबरोबर ओलेही जळते' या म्हणीचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. वेगाने विभागणारी पेशी दिसली की औषध तिच्यावर तुटून पडते. ती रोगाची की केसाच्या मुळाची, हा विवेक त्याच्यापाशी नसतो. डॉक्सोरुबिसिन गुणकारी खरे, परंतु ते हृदयासही इजा करते. म्हणून औषधाच्या सामर्थ्याइतकेच त्याच्या मार्गालाही महत्त्व आहे.

१८८९ साली स्टीफन पॅजेट या इंग्लिश शल्यचिकित्सकाने एक मार्मिक विचार मांडला. कर्करोगाची पेशी हे बीज. पण अनुकूल भूमी लाभल्यावाचून ते रुजत नाही. अर्बुदाभोवतीची ही भूमी म्हणजे वेड्यावाकड्या रक्तवाहिन्या, दाट तंतू, फितूर झालेल्या संरक्षक पेशी, प्राणवायूचे दुर्भिक्ष आणि वाढलेली आम्लता. अर्बुद स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या निर्माण करवून घेते, हा सिद्धान्त जुडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडला. घाईने उभारलेल्या भिंतींना फटी राहाव्यात, तसेच या वाहिन्यांचे होते. मोठे रेणू त्यांतून झिरपतात आणि लसीकावाहिन्यांचा निचरा अपुरा असल्याने तेथेच साचतात, असे मात्सुमुरा व माएदा या जपानी संशोधकांनी १९८६ मध्ये दाखविले.

याच फटींवर अब्जांशकणांची भिस्त आहे. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. सुमारे शंभर नॅनोमीटर व्यासाच्या मेदकुपीत डॉक्सोरुबिसिन भरून, शरीराच्या पहारेकऱ्यांपासून तिला लपविणारे आवरण चढवून सिद्ध केलेल्या औषधास अमेरिकेत १९९५ मध्ये मान्यता मिळाली. हृदयाची हानी घटली. २००५ मध्ये अल्ब्युमिन या प्रथिनाशी बांधलेले पॅक्लिटॅक्सेल आले. मूळ औषध विरघळविण्यासाठी लागणारा, तीव्र ॲलर्जीचा धोका असलेला द्रावक त्यामुळे टळला.

तथापि हर्षाबरोबर सावधपणाही हवा. टोरांटो येथील संशोधकांनी २०१६ मध्ये आधीच्या दहा वर्षांतील प्रयोगांचा आढावा घेतला. दिलेल्या मात्रेपैकी अर्बुदापर्यंत पोहोचणाऱ्या कणांचे मध्यक प्रमाण निघाले केवळ ०.७ टक्के; हजारांतील सात! बहुतेक कण यकृत व प्लीहा अडवून ठेवतात. जे अर्बुदाशी पोहोचतात, त्यांची वाट तेथील वाढलेला दाब आणि दाट तंतू रोखतात. शिवाय प्रयोगातील उंदरांमध्ये ठळक दिसणाऱ्या फटी माणसात तितक्या सर्रास आढळत नाहीत.

आयआयटी कानपूरचे माजी विद्यार्थी राकेश जैन यांनी म्हणूनच उलटा मार्ग सुचविला: या वाहिन्या केवळ नष्ट करू नयेत, काही काळ सुधाराव्यात, म्हणजे दाब उतरेल आणि औषध आत शिरेल. आम्लतेचा स्पर्श होताच उघडणाऱ्या कुपींवरही संशोधन चालू आहे.

आजवर या कणांनी रुग्णाचे आयुष्य वाढविण्यापेक्षा उपचाराचा जाच कमी करण्यात अधिक यश मिळविले आहे. ज्याने तो जाच सोसला आहे, तो या यशाला अल्प म्हणणार नाही. मात्र 'नॅनो' हे नाव ऐकून रुग्णाने भारून जाऊ नये. कोणत्या रोगात, कितपत लाभ सिद्ध झाला, हे वैद्याला अवश्य विचारावे. बीजाइतकाच भूमीचाही अभ्यास हवा, हा पॅजेट यांचा बोध शतक उलटून गेल्यावरही ताजा आहे.