रेडिओ वेधशाळा आणि तिचे शेजारी

अहिल्यानगर जिल्ह्याच्या पारनेर व संगमनेर तालुक्यांना लागून असलेल्या जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळ खोडद येथे, ‘जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप’ म्हणजेच जीएमआरटी ही वेधशाळा असून, टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे पुणे येथील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र तिचा कारभार पाहते. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या संकल्पनेतून उभी राहिलेली ही दुर्बीण २००१ मध्ये राष्ट्राला अर्पण करण्यात आली. तिच्यात प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. त्यांपैकी १४ मध्यवर्ती भागात, तर १६ तीन दिशांना गेलेल्या भुजांवर, सुमारे २५ किलोमीटरच्या विस्तारात विखुरलेल्या आहेत. या तबकड्यांना पत्र्याऐवजी पोलादी तारांची जाळी ताणून बसविली आहे. रेडिओलहरींची लांबी जाळीच्या छिद्रांहून पुष्कळ मोठी असल्याने लहरी परावर्तित होतात, वारा मात्र आरपार जातो, आणि त्यामुळे बांधणी हलकी व कमी खर्चाची होते. साऱ्या अँटेनांचे संदेश प्रकाशतंतूंवाटे एकत्र आणून जुळविले, की २५ किलोमीटर रुंदीच्या एकाच दुर्बिणीइतका बारकावा हाती येतो. या पद्धतीस व्यतिकरणमापन म्हणतात.

तारकाविश्वांतील हायड्रोजन वायूकडून किंवा स्पंदकांकडून, म्हणजे वेगाने फिरत ठराविक अंतराने लहरींचे ठोके पाठविणाऱ्या मृत ताऱ्यांकडून, येणाऱ्या या लहरी अत्यंत क्षीण असतात. चंद्रावर एखादा साधा मोबाईल फोन चालू ठेवला, तर तोही आकाशातील प्रखर रेडिओस्रोतांत गणला जाईल. म्हणून मोबाईलचे मनोरे, वीजवाहिन्यांवर उडणाऱ्या ठिणग्या आणि यंत्रसामग्री यांपासून होणाऱ्या व्यत्ययावर लक्ष ठेवणे, हा वेधशाळेच्या दैनंदिन कारभाराचा मोठा भाग ठरतो.

या शांततेची किंमत परिसरालाही मोजावी लागते. नारायणगाव–संगमनेरमार्गे नियोजित असलेला पुणे–नाशिक रेल्वेमार्ग दुर्बिणीच्या कामात अडथळा येईल या कारणास्तव अहिल्यानगर–शिर्डीकडे वळविण्याची भूमिका रेल्वेने घेतली, तेव्हा एका भागाची संधी दुसऱ्या भागाकडे गेली आणि पहिल्या भागात नाराजी उमटणे स्वाभाविक होते. अशा प्रसंगी वेधशाळेची गरज नियमांच्या आधारे मान्य करवून घेता येते; तिच्याविषयी आपुलकी मात्र समजावून सांगितल्यानेच निर्माण होते.

या दृष्टीने पाहिल्यास, रामन परिणामाच्या १९२८ मधील शोधाच्या स्मरणार्थ पाळल्या जाणाऱ्या २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनी खोडद येथे भरणारे प्रदर्शन, ज्यात ग्रामीण शाळांतील विद्यार्थी स्वतः तयार केलेले प्रयोग मांडतात आणि संशोधकांना प्रश्न विचारतात, हा कारभाराला जोडलेला केवळ शोभेचा उपक्रम नव्हे. वेधशाळा ज्यांच्या सहकार्यावर चालते, त्या शेजाऱ्यांप्रती असलेले ते तिचे कर्तव्य आहे. पारनेर, संगमनेर व अकोले तालुक्यांतील शाळांनी या संधीचा पुरेपूर लाभ घ्यावा, आणि ज्या दुर्बिणीसाठी आपला परिसर शांतता राखतो, तिचे काम आपल्या विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष दाखवावे.