पोटाचा नाच आणि पोस्टरवरचं नाव

(कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिलाय ‘पोस्टर आणि चळवळ’. त्यावर बोलणारे आपल्यात ढीगभर आहेत. निळा किती, लाल किती, मूठ डावी की उजवी, ह्यावर रात्र रात्र भांडणं झालेली मी पाह्यलीत. मी आज दुसऱ्याच पोस्टरवर बोलणार आहे. आपल्या शाखेतल्या एका पोराला कुलाब्याच्या एका हॉटेलवाल्यानं काम देऊ केलंय. शुक्रवार-शनिवार रात्री बेली डान्स, त्याचं पोस्टर. हा पोरगा आपल्या मोर्चांची पोस्टरं फुकटात करतो आणि पोटासाठी दुकानांच्या पाट्या, लग्नपत्रिका, बारशाचे बॅनर करतो. आता हे काम आल्यावर शाखेत बोंब उठली. एक म्हणतो, चळवळीचा हात असल्या कामाला लावायचा नाही. दुसरा म्हणतो, बाई नाचवणाऱ्याचा पैसा नको. तिसऱ्यानं थेट बाबासाहेबांचं भाषण पुढं केलं. पोरगा गप्प आहे. सोमवारी त्याला हो का नाही ते कळवायचंय, आणि घरभाडं थकलंय.

हॉटेलवाल्यानं नमुना पाठवलाय, तो मी पाह्यला. मागं पिरॅमिड, बाजूला उंट, वर चंद्रकोर. अक्षरं इंग्रजी, पण अरबी वळणाची सोंगं घेतलेली. मधोमध बाई. बाई म्हणजे छातीखालपासून मांडीपर्यंत. मुंडकं कागदाच्या बाहेर. फोटो नेटवरून उचललेला, म्हणजे जी नाचणार ती ही नव्हेच, दुसरीच कोणीतरी, जिला ह्यातला छदामही मिळणार नाही. खाली दारूची सवलत आणि कबाब. कबाबाचं नाव लिहिलंय. बाईचं नाही.

हा नमुना त्या हॉटेलवाल्याच्या डोक्यातून निघालेला नाही. तो सव्वाशे वर्षं जुना आहे. ज्यांचा हा नाच, ते इजिप्तचे लोक त्याला रक्स शर्की म्हणतात, म्हणजे पूर्वेकडचा नाच. वस्तीतला, लग्नाघरचा जो आहे त्याला रक्स बलदी म्हणतात, म्हणजे गावचा, मातीतला. त्या नावांत पोट कुठंच नाही. पोट घातलं ते युरोपवाल्यांनी. फ्रेंचांनी ‘पोटाचा नाच’ म्हटलं, आणि १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात ‘कैरोची गल्ली’ उभी केली तेव्हा तेच नाव अमेरिकेभर झालं. तिथला करमणुकीचा कारभार सॉल ब्लूम नावाच्या तेवीस वर्षांच्या पोराच्या हातात होता. आपल्याच वयाचा. त्याला पक्कं ठाऊक होतं की नुसतं ‘पोट’ म्हटलं की सभ्य माणूस नाक मुरडेल आणि तिकीटही काढेल. पुढं ‘लिटल इजिप्त’ हे नाव गाजलं. ही लिटल इजिप्त कोण? एक बाई नव्हे. त्या नावानं कितीतरी बायका नाचल्या. नाव धंद्याचं, अंग बाईचं. गोदीत आम्हाला नंबर असतो तसं. नंबर तोच राहतो, माणूस बदलला तरी चालतं.

नाच खरा कसा आहे ते सांगतो, कारण पोस्टर करणाऱ्याला ते ठाऊक पाहिजे. दरबुका म्हणून एक ढोल असतो, पेल्याच्या आकाराचा. त्यावर मक्सूम नावाचा ठेका वाजतो: दुम् टक्, टक् दुम्, टक्. ऐकून बघा, पाय आपोआप हलतो. त्या ठेक्यावर बाई कंबर एकीकडं, छाती दुसरीकडं, खांदा तिसरीकडं, असं एकेक अंग सुटं करून चालवते. बाकीचं अंग तेवढा वेळ थंड ठेवायचं. हे वर्षानुवर्षं घासून येतं. पोत्याखाली कंबर धरणाऱ्याला विचारा, कंबर ताब्यात ठेवणं म्हणजे काय. ती मेहनत आहे, मस्ती नव्हे. एडवर्ड सईद हा पॅलेस्टिनी विचारवंत कैरोत वाढला. शाळकरी वयात त्यानं ताहिया कारियोका हिचा नाच पाह्यला आणि पुढं तिच्यावर लेख लिहिला. थोर नर्तकी किती कमी हलते ह्यात तिची कला आहे, असं त्याचं म्हणणं. आता तो नमुना पुन्हा आठवा. त्यात सगळं हलतंय आणि नाच मात्र कुठंच नाही.

ही ताहिया डाव्या विचारांची होती. १९५० च्या दशकात राजकारणापायी तुरुंगात जाऊन आली. ती आणि सामिया गमाल ह्या दोघी बदिया मसाबनी नावाच्या बाईच्या नाट्यगृहात घडल्या. बदियानं १९२६ साली कैरोत स्वतःचं थिएटर काढलं. एका बाईचं नाव दारावर, तिच्या पोरींची नावं जाहिरातीत. आज जो चमचमता दोन तुकड्यांचा पोशाख आपण अरबी समजतो तो अशा रंगमंचावर घडला, आणि त्यात हॉलीवूडचाही हात आहे. म्हणजे उंट आणि पिरॅमिड घालून जे ‘अस्सल’ म्हणून विकतात ते शहरी आहे, आपल्या फिल्मी लावणीसारखं.

ह्याच्या आधीची एक गोष्ट आपल्या जास्त जवळची आहे. इजिप्तमध्ये रस्त्यावर, जत्रेत नाचणाऱ्या बायकांना गवाझी म्हणत. १८३४ साली महंमद अली पाशानं त्यांना कैरोतून हुसकलं, दक्षिणेला इस्ना, किना, अस्वानकडं. शहर स्वच्छ केलं. नाच काही थांबला नाही, बायकांचा पोशाख करून पुरुष नाचू लागले. आणि त्या मुलखात वाजवणारे, नाचणारे म्हणून ज्यांना गावाबाहेर ठेवतात त्यांत डोम नावाचे लोक आहेत. त्यांची डोमारी भाषा भारतीय-आर्य कुळातली, म्हणजे आपल्या मराठीची लांबची बहीण, आणि त्यांचं नाव भाषेचे अभ्यासक आपल्याकडच्या डोम जातीच्या नावाशी जोडतात. प्रत्येक गवाझी डोम होती असं मी म्हणत नाही. पण वाराणसीच्या घाटावरचा डोम, दोरीवर चालणारा आपला डोंबारी, आणि तिकडं नाईलकाठी ढोल वाजवणारा डोम, ही नावं शेजारी ठेवा आणि आपल्या मनाला विचारा की नाचणारी परकी कशी झाली.

आता आपल्या मुंबईकडं या. २००५ साली महाराष्ट्र सरकारनं बारमधल्या नाचावर बंदी घातली. संस्कृती बुडते म्हणाले. त्याच कायद्यात लगेच पुढचं कलम, तीन तारे आणि त्यावरच्या हॉटेलांना सूट. म्हणजे गरिबाच्या बारमध्ये नाच म्हणजे घाण आणि तारांकित हॉटेलात तोच कला. बारमधल्या पुष्कळ पोरी बेडिया, नट, कंजर अशा जमातींतल्या, जिथं नाच वाडवडलांपासून गळ्यात बांधलेला. त्या रस्त्यावर आल्या. हायकोर्टानं २००६ साली बंदी उडवली, सुप्रीम कोर्टानं २०१३ साली तेच कायम केलं, सरकारनं २०१६ साली नवा कायदा आणून अटींचं जंगल उभं केलं, त्यातल्या बऱ्याच अटी २०१९ साली कोर्टानं काढल्या. ह्या सगळ्या वर्षांत त्या पोरींनी काय खाल्लं, ते कोणत्या निकालात लिहिलंय?

आता बाबासाहेबांचं भाषण. जून १९३६, परळचा दामोदर हॉल. देवदासी, जोगतिणी, आराधी, पोतराज ह्यांच्यापुढं ते बोलले. हे जिणं सोडा, हाल सोसावे लागले तरी अब्रूनं जगा, असं सांगितलं. मी ते भाषण खाली ठेवणारा माणूस नाही. पण ते कुणापुढं केलं ते बघा. जातीनं आणि देवानं मिळून ज्यांचा रस्ता बंद केला होता, त्यांच्या समोर उभं राहून, त्यांच्या डोळ्यांत बघून ते बोलले. आपण काय करतोय? जी नाचणार आहे तिला न भेटता, ती कुठली, तिला पगार किती, रात्री दोनला घरी कशी जाते, काही न विचारता शाखेच्या खोलीत बसून तिची अब्रू ठरवतोय. सवर्णांनी आपल्याबद्दल असंच खोलीत बसून ठरवलं होतं. पोरी नाचायला जन्मानं बांधल्या जाऊ नयेत, हे आपलं भांडण आहेच, ते सोडायचं नाही. पण नाचणारीकडं तोंड फिरवणं म्हणजे ते भांडण नव्हे.

म्हणून माझं मत, त्यानं काम घ्यावं. पण तो नमुना घेऊ नये. आधी तिला भेटावं. हॉटेलवाल्याच्या समोर नाही, वेगळं. नाव कुठलं घालायचं, खरं की रंगमंचाचं, ते तिला विचारावं. चेहरा छापायचा का, तेही. ह्यात घाई नको. ती परदेशी असेल तर व्हिसाची भानगड असते, इथलीच असेल तर घरी ठाऊक नसतं. ती म्हणाली चेहरा नको, तर चेहरा नको, पाठमोरी काढ. पण मग मुंडकं तिच्या मर्जीनं गेलेलं असेल, कात्रीनं नाही.

हॉटेलवाला म्हणेल, नाव बघून गिऱ्हाईक येत नाही. त्याला नारायणगाव दाखवा. ‘विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर’, एवढं लांब नाव, जातीसकट, पाटीवर लागायचं आणि गावंच्या गावं बैलगाड्या जुंपून यायची. नाव लागलं म्हणून विठाबाईंचं म्हातारपण सुखात गेलं असं नाही, २००२ साली त्या गेल्या त्या हलाखीतच, राष्ट्रपती पदक घरात असताना. नावानं पोट भरत नाही हे मला कळतं. तरी बिननावाच्या बाईचा पगार बुडवणं जास्त सोपं असतं, हे ज्यानं गोदीत हजेरी भरलीय त्याला समजावून सांगायला नको.

बाकी कामाचं. उंट, पिरॅमिड, चंद्रकोर काढून टाक. मुसलमानाची चंद्रकोर दारूच्या सवलतीवर टांगायची काही गरज नाही. अक्षरं सरळ ठेव, वाचता येतील अशी, एकदा देवनागरीतही. तिचं नाव सगळ्यांत वर आणि कबाबापेक्षा मोठं. त्याखाली दरबुका वाजवणाऱ्याचं नाव, जर वाजवणारा असेल. गाणं मशीनवर असेल तर तसं लिही, लोकांना फसवू नकोस. वार, वेळ, तिकीट. फोटो तिचाच, तिच्या परवानगीनं, आणि त्याचे पैसे तिला वेगळे. हे बोलणं तू कर, तिच्यावर टाकू नकोस. चार रंगांत छापायचं तर काळा जपून वापर, फ्लेक्सवर काळा फार खातो आणि चेहरे मारतो.

हॉटेलवाला नाही म्हणाला तर काम सोडून दे. त्या महिन्याचं भाडं शाखेनं भरायचं, हे मी इथं सगळ्यांसमोर मांडतोय. ज्यांनी बोंब मारली त्यांनी पहिल्यांदा खिशात हात घालावा. माझे शंभर इथं टेबलावर ठेवतो.

जय भीम.